घरघंटी, १ एचपी: शिफ्टची नोकरी करून भाजणीचा धंदा वाढवणाऱ्याचा रिव्ह्यू

ज्यांना सगळं वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकतो, घरघंटी, म्हणजे घरात ठेवायची पिठाची चक्की, गिरणीपेक्षा फास्ट नाहीये. अजिबात नाही. चौकातल्या गिरणीत साडेसात-दहा एचपीची मोटर असते, दहा किलोचं दळण तिथे बघता बघता डब्यात पडतं, आणि घरातली १ एचपीची घरघंटी त्याच दहा किलोला दीड तास घेते. दुकानदार ताशी आठ-दहा किलो सांगेल, ते जाड जाळीवर आणि खडखडीत कोरड्या गव्हाला, बारीक जाळीवर आमच्याकडे ती सहा-सात किलोच्या वर कधी गेली नाही. मग घेतली कशाला आणि मी तिला चांगली का म्हणतोय? तर वेळ तेवढाच लागतो, खरं तर जास्तच लागतो, फक्त तो गिरणीच्या टायमिंगमध्ये न जाता आपल्या टायमिंगमध्ये जातो. नोकरी सांभाळून साइडला धंदा करणाऱ्याला हा फरक केवढा मोठा आहे ते पुढे लिहितो.

आमचं थोडक्यात सांगतो. मी नाशिकला सातपूरमध्ये कंपनीत ऑपरेटर, दर आठवड्याला शिफ्ट बदलते. बायको सकाळी एका क्लासच्या ऑफिसात असते, दुपारी मोकळी होते. आई मूळची चाळीसगावकडची, तिच्या हातची थालीपीठ भाजणी आणि कळण्याचं पीठ नातेवाईक आधीपासून मागून न्यायचे, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सोसायटीतले लोक पैसे देऊन घ्यायला लागले आणि तिथून सुरू झालं. आता थालीपीठ भाजणी, चकली भाजणी, उपवासाची भाजणी, मेतकूट, नागलीचं पीठ आणि कळणं असे सहा आयटम आहेत. नाशिकबाहेरच्यांसाठी, नागली म्हणजे तुमची नाचणी. आणि कळणं ज्याला माहीत नाही त्याने खानदेशी मित्र शोधावा, ज्वारीत अख्खे उडीद आणि मीठ घालून दळतात, त्याची भाकरी आणि सोबत ठेचा. सिडकोत खानदेशातली माणसं भरपूर आहेत त्यामुळे हा आयटम जाहिरात न करता चालतो.

घरघंटीच्या कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये. एक तर दुकानात चार-पाच कंपन्यांची उघडून बघितली तर आतला मामला जवळपास सारखाच, वर धान्य टाकायची टाकी, खाली स्टीलच्या चेंबरमध्ये फिरणारे बीटर, त्याला गोल जाळी, जाळीतून पीठ खालच्या डब्यात आणि हवा जायला कापडी फिल्टर. फरक बॉडीचा, लाइटचा आणि वॉरंटीचा. दुसरं कारण सर्व्हिसचं, ते खाली येईलच.

आधी गिरणीचं सांगतो, म्हणजे दुखणं कळेल. आमच्या गिरणीवाल्या काकांबद्दल तक्रार नाही, घरचा गहू अजून तिकडेच जातो. पण गिरणी सकाळी नऊ ते एक आणि संध्याकाळी चार ते आठ. भाजणी घेतात पण रांगेत गव्हामागून. भाजणीच्या आधी चक्कीत दुसऱ्या कोणाचं दळण असेल तर पहिलं ओंजळभर पीठ मिसळलेलं येणार, घरी खायला ठीक आहे, पाकिटावर आपलं नाव टाकून विकायला नाही. उपवासाचं तर विचारूच नका. आषाढी, श्रावण, नवरात्र आलं की काका एक दिवस ठरवतात, त्या दिवशी सकाळी चक्की साफ करून फक्त राजगिरा, वरई, साबुदाणा असलं दळतात, आणि तो दिवस हटकून माझ्या फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात. एप्रिल-मेमध्ये वाळवणाची गर्दी, पापडाची नागली, हळद-मिरचीवाले वेगळेच. म्हणजे आपल्या घरी भाजून तयार असलेला माल केवळ दळायचा राहिलाय म्हणून दोन-तीन दिवस पातेल्यात झाकून ठेवायचा, आणि कस्टमर विचारतोय की दादा झालं का.

आता घरघंटीने काय बदललं ते शिफ्टप्रमाणे सांगतो, कारण शिफ्टवाल्यांना हेच हवं असतं. फर्स्ट शिफ्ट सात ते साडेतीन, घरी यायला सव्वाचार, चहा घेऊन पाच वाजता मशीन चालू, आठपर्यंत मध्ये थांबवत थांबवत पंधरा किलो आरामात निघतं. हा आमचा मेन प्रॉडक्शनचा आठवडा. सेकंड शिफ्ट साडेतीन ते बारा, यात रात्री काही नाही, सकाळी दहाच्या पुढे दोन तास मिळतात, त्यात नागली किंवा कळणं, म्हणजे ज्याला भाजायचं नसतं ते. थर्ड शिफ्टच्या आठवड्यात सकाळी आलो की मी मेलेला असतो, दुपारी उठल्यावर फक्त पॅकिंग आणि डिलिव्हरी. आधी मी आठवड्याला "वेळ मिळाला तर करू" असं म्हणायचो, आता कुठल्या आठवड्यात काय होणार हे बायकोने कॅलेंडरवर तीन रंगाच्या पेनाने लिहून ठेवलंय आणि ऑर्डर घेतानाच तारीख सांगतो. व्हॉट्सॲप बिझनेसवर आपोआप जाणारा मेसेज लावलाय, आम्ही सध्या कामावर आहोत, संध्याकाळी सातनंतर उत्तर देऊ, या आठवड्यात अमुक आयटम ताजा मिळेल. फुकट आहे आणि लाइनवर उभं असताना खिशात फोन थरथरत राहात नाही. लोक थांबतात हो. माणसाला उशीर चालतो, पत्ता न लागणं चालत नाही.

दुसरा फायदा मला घेताना माहीतच नव्हता आणि धंदा वाढला तो मुख्यतः त्याच्यामुळे. गिरणीत दोन किलो भाजणी दळायला न्यायला लाज वाटते, काका पण तोंड करतात, म्हणून आपण एकदम दहा-बारा किलो करणार, मग ती महिनाभर पुरवत बसणार. घरघंटीत दीड-दोन किलोची बॅच सहज होते. बाजरीचं पीठ ठेवलं की कडवट होतं हे घरात सगळ्यांना माहीत असतं, दळल्यावर त्यातला तेलाचा अंश उघडा पडतो आणि खवट व्हायला लागतो, भाजल्यामुळे भाजणी जास्त टिकते पण ताजीचा वास तो ताजीचाच. आता "परवा दळलेली" असं सांगून देतो आणि पाकिटावर तारीख तशीच असते, रिपीट ऑर्डर तिथून वाढल्या. शिवाय ट्रायल करता येते. एका काकूंनी गहू न घालता थालीपीठ भाजणी मागितली, अर्धा किलोची करून दिली, त्यांना आवडली, आता तो त्यांच्या बिल्डिंगमधल्या चार घरांचा महिन्याचा आयटम आहे. गिरणीच्या भरवशावर हे केलंच नसतं. मात्र ज्यांना सिलिॲक, म्हणजे गव्हातलं ग्लूटेन अजिबात न चालण्याचा आजार, आहे त्यांना आम्ही स्पष्ट नाही सांगतो, त्याच मशीनमध्ये गहू घातलेली थालीपीठ भाजणीही होते, ब्रशने कितीही साफ केलं तरी गव्हाचा कण राहिला नसेल अशी गॅरंटी मी देऊ शकत नाही आणि कोणी देत असेल तर विचार करा.

दळायला कशी आहे ते आता एकेक सांगतो.

गहू, ज्वारी, बाजरी: काही त्रास नाही. ज्वारीचं पीठ गिरणीपेक्षा किंचित रवाळ वाटतं, आईचं म्हणणं भाकरीच्या पिठाला विरी, म्हणजे चिकटपणा, कमी येतो, मला फरक कळत नाही पण भाकऱ्या ती थापते त्यामुळे तिचं खरं. दगडी चक्कीत धान्य घासलं जातं, इथे बीटरने आपटून फुटतं, फरक त्यामुळे असावा.

थालीपीठ भाजणी: इथे मशीन खरंच मस्त. भाजलेलं धान्य कुरकुरीत असतं, पटापट फुटतं, मधली जाळी लावायची म्हणजे पीठ थोडं रवाळ येतं. एकदम बारीक केलं तर थालीपीठ चिकट होतं. पण धान्य पूर्ण गार झाल्याशिवाय टाकायचं नाही. कोमट असेल तर जाळीला पीठ चिकटतं, आवाज बदलतो, मोटर रडायला लागते.

चकली भाजणी: बारीक जाळी. तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद डाळ, थोडी मूगडाळ, पोहे, धणे, जिरे, प्रमाण ज्याचं त्याचं, पण पोहे वेगळे टाकू नका, हलके असल्यामुळे टाकीतच अडकून बसतात. सगळं मिसळून टाकलं की जातं. दिवाळीच्या आधीचे दोन आठवडे मशीन फक्त यावर असते.

नागली: दाणा बारीक, त्यामुळे फक्त बारीक जाळी. नागली आम्ही पेठ-सुरगाण्याकडून ओळखीच्या माणसाकडून आणतो, तिकडे डोंगरउतारावर नागली आणि वरई दोन्ही होतात. संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलेलं मिलेट (भरडधान्य) वर्ष २०२३ ला आलं तेव्हापासून शहरातले लोक स्वतःहून विचारायला लागले, आधी लोकांना वाटायचं नागली म्हणजे पापड नाहीतर बाळाचं सत्त्व. धुऊन वाळवलेली असेल तर कडक उन्हात दोन दिवस पाहिजेच, जरा ओल राहिली की जाळी बंद. पावसाळ्यात सगळ्याच धान्याला नरमपणा येतो, कढईत नुसतं गरम करून गार करून टाका.

राजगिरा: जाड जाळी चुकून राहिली तर अख्खा दाणा तसाच खाली येतो, मशीनला कळतच नाही काही टाकलंय म्हणून. बारीक जाळीवर छान.

साबुदाणा: हलका भाजून टाकला तर दळला जातो, पण त्याचा भुगा इतका उडतो की कापडी फिल्टर पांढरा फक्क होतो आणि किचनमधल्या डब्यांवर थर. हे काम बाल्कनीत.

मेतकूट: डाळ-तांदूळ भाजून दोनदा फिरवतो, हळद, हिंग, सुंठ, जायफळ नंतर पावडर करून मिसळून चाळतो. हळकुंड आणि मिरची या मशीनमध्ये टाकायचीच नाही. मसाल्याची वेगळी मॉडेल मिळतात, ती घ्यायची तर घ्या, पण एकात दोन म्हणून विकतात त्यात सकाळी मिरची आणि संध्याकाळी उपवासाची भाजणी कशी करणार ते विकणाऱ्याला विचारा. शेंगदाणे, तीळ, खोबरं असलं तेलकट काही नाही, जाळीवर लगदा बसतो.

पीठ बाहेर येतं ते गरम असतं, हे सगळ्याच घरघंट्यांचं. लगेच पाकिटात भरलं तर आत वाफ धरते आणि चार दिवसांत गुठळ्या. आम्ही संध्याकाळी दळतो, सुती कापडावर पसरून वर दुसरं कापड टाकतो आणि सकाळी बायको ऑफिसला जायच्या आधी आई आणि ती मिळून भरतात. कामाचे असे तुकडे पडतात ते शिफ्टवाल्या घराला उलट बरंच आहे, कोणालाच सलग चार तास काढावे लागत नाहीत.

साफसफाई हा मात्र असा भाग आहे जो व्हिडिओत दाखवत नाहीत. त्यात माणूस बटण दाबतो, पीठ येतं, संपलं. खरं म्हणजे आयटम बदलताना जाळी काढा, चेंबरला ब्रश मारा, कोपऱ्यात अडकलेलं पीठ काढा, फिल्टर झटका, परत बसवा, पंधरा मिनिटं धरून चला. उपवासाच्या आधी तर सगळं पुसून मग मूठभर वरई फिरवून ती टाकून देतो, तेव्हा आईचं समाधान होतं. माझं म्हणणं, आयटमचा क्रम असा लावा की मध्ये साफ करावंच लागणार नाही, म्हणजे आधी उपवासाचं, मग तांदळाचं जास्त असलेलं, शेवटी कळणं. फिल्टरचं कापड आठवड्याला धुवायचं आणि पूर्ण वाळवायचं, नाहीतर त्यात कीड होते. जाळ्यांचा जास्तीचा एक सेट घेऊन ठेवा.

आवाज. हा सगळ्यात मोठा मायनस आणि शिफ्टवाल्यांसाठी तर फारच मोठा, कारण आपल्याला मोकळा वेळ नेमका रात्री साडेबाराला असतो आणि तेव्हा मशीन लावायचा विचार पण करू नका. हरभऱ्याची डाळ पडली की पहिल्या मिनिटाला दगड पडल्यासारखा आवाज येतो. आमच्या खालच्या मजल्यावर वयस्कर जोडपं आहे, त्यांच्याशी आधी जाऊन बोललो, दुपारी एक ते चार आणि रात्री साडेआठनंतर लावणार नाही असं ठरवलं, खाली जाड रबरी मॅट टाकली, भिंतीपासून वीतभर लांब ठेवली, तेव्हापासून निभतंय. महिन्याला अर्धा किलो भाजणी त्यांच्याकडे जाते ती मी मार्केटिंगच्या खर्चात धरतो. "वेळ आपल्या टायमिंगमध्ये येतो" असं वर म्हटलंय त्याला ही अट आहे, सोसायटीत राहात असाल तर पूर्ण आपला नाही, पण गिरणीपेक्षा पुष्कळ.

लाइटबिल. १ एचपी म्हणजे साधारण ७५० वॅट, मोटर प्रत्यक्षात त्याहून जरा जास्त ओढते, तासाला एक युनिट धरा. युनिटला दहा-बारा रुपये पकडले तरी किलोमागे दोन रुपयांच्या आसपास, गिरणीच्या दळणावळीपेक्षा स्वस्तच. पॉइंट मात्र १५-१६ अँपिअरचा हवा, साध्या प्लगवर एक्स्टेंशन टाकून चालवू नका. घरगुती मीटरवर धंदा चालतो का असं बरेच जण विचारतात, तर महाराष्ट्रात वीज नियामक आयोगाच्या दरपत्रकात घराच्या एका भागात छोटा धंदा करणाऱ्यांना महिन्याला ३०० युनिट आणि वर्षाला ३,६०० युनिटच्या आत वापर असेल तर घरगुतीच दर लावायची सोय आहे. आमचा एसी नाही त्यामुळे आम्ही आरामात आत बसतो. उन्हाळ्यात ज्यांचा एसी, गीझर सगळं चालतं त्यांनी बिल बघत राहा.

मोटरबद्दल एवढंच, सलग दोन तासांच्या वर चालवू नका. तापली की ओव्हरलोडचं बटण पडतं, थंड झाल्यावर दाबलं की परत चालू, पण रोज रोज पाडलं तर मोटर किती टिकेल. दाराला स्विच असतो, दार नीट लागल्याशिवाय फिरतच नाही, घरात लहान मूल आहे म्हणून मला ही गोष्ट आवडली.

सर्व्हिसचं सांगतो म्हटलं होतं. जाळी बसते तिथलं रबर ऐन दिवाळीच्या तोंडावर गेलं, पीठ बाजूने गळायला लागलं. डीलरकडे फोन केला तर मेकॅनिक येईल येईल करत आठवडा काढला, आला तर म्हणतो तुम्ही धंद्याला वापरता म्हणून वॉरंटीत नाही. कार्डावर खरंच बारीक अक्षरात तसं छापलेलं होतं. शेवटी भांडीबाजाराकडच्या एका मिक्सर रिपेअरवाल्याने दुसरं रबर कापून बसवून दिलं, आजतागायत चालू आहे. ज्यांना विकायला दळायचंय त्यांनी वॉरंटी फक्त घरगुती वापराला आहे का हे बिल करायच्या आधी विचारा आणि जवळपास पार्ट मिळतात का तेही. दिवाळीच्या महिनाभर आधीच सर्व्हिसिंग करून घ्या, तेव्हा मेकॅनिक मोकळे असतात.

सरकारी कागदाबद्दल लांबण लावत नाही. खाण्याचं विकताय तर एफएसएसएआयचं, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं, रजिस्ट्रेशन घ्या, आम्ही काढलं तेव्हा वर्षाला १०० रुपये फी होती, ऑनलाइन होतं, चौदा आकडी नंबर मिळतो तो पाकिटावर टाकायचा. सोबत घटक, वजन, किंमत, बॅच, तारीख, हिरवा टिपका. उद्यम, म्हणजे छोट्या धंद्याचं सरकारी रजिस्ट्रेशन, फुकट आहे, त्याचे पैसे मागणारी साइट उघडली तर बंद करा. जीएसटीचं टेन्शन मालाची उलाढाल ४० लाखांच्या आत आणि विक्री राज्यातल्या राज्यात असेल तर घेऊ नका. आणि ते "मोफत पिठाची गिरणी" वाले व्हिडिओ बघून फॉर्म भरत बसू नका. जिल्हा परिषदांच्या महिला व बालकल्याण विभागाकडून ग्रामीण भागातल्या बायकांना अनुदानावर गिरणी मिळते हे खरं आहे, पण अटी आणि वर्ष जिल्ह्याप्रमाणे बदलतं, पंचायत समितीत जाऊन विचारलं की खरं काय ते पाच मिनिटांत कळतं. आमच्यासारख्या महापालिकेत राहणाऱ्यांना ती लागू नाही, आम्ही बोनसमधून घेतली, वीस हजाराच्या आतबाहेर.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते. घरघंटी आली आणि दळणाचा अडथळा गेला, तर दोन महिन्यांत लक्षात आलं की आता अडथळा भाजण्याचा आहे. पंधरा किलो धान्य, प्रत्येक डाळ वेगळी, मंद गॅसवर, हात थांबवायचा नाही, आईचे खांदे भरून येतात. मशीन भाजत नाही. म्हणजे धंद्याला वेळ नाही असं आपण म्हणतो तेव्हा नक्की कुठल्या कामाला वेळ नाही हे आधी बघायला पाहिजे, आमच्या बाबतीत आधी ते दळण होतं म्हणून मशीन लागू पडली. माझ्या एका मित्राने माझं बघून घरघंटी घेतली, त्याच्या बायकोचा लाडूंचा धंदा आहे, त्यांचा सगळा वेळ वळण्यात आणि पोचवण्यात जातो, बेसन आणि रवा तर तयारच आणतात, त्यांच्याकडे ती कपड्यांनी झाकून ठेवलीये. त्या पैशात त्यांनी डिलिव्हरीला एक पोरगा धरला असता तर बरं झालं असतं असं माझं स्पष्ट मत आहे आणि त्यालाही ते मी सांगितलंय.

भाजायचं आम्ही सध्या असं केलंय की शेजारच्या बिल्डिंगमधल्या एक मावशी दुपारी तीन तास येतात, किलोवर पैसे घेतात, आई खुर्चीत बसून रंग बघते आणि "बस, उतरव" म्हणते. मावशींचे पैसे परवडतात कारण गिरणीच्या चकरा, पेट्रोल आणि माझे संध्याकाळचे तास सुटलेत. लोक मला विचारतात दोन-तीन एचपीचा पल्व्हरायझर, म्हणजे दळायचं मोठं मशीन, का नाही घेत, रोस्टर, म्हणजे भाजायचं मशीन, का नाही घेत. रोस्टरचा विचार चालू आहे. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजना म्हणून आहे, २०२० ला आली, कर्जाला जोडून प्रकल्पाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान, कृषी विभागाकडून चालते, मुदत वाढत वाढत आलीये म्हणून सध्या काय स्थिती आहे ते ऑफिसात जाऊन विचारायचंय, थर्ड शिफ्टच्या आठवड्यात जमेल. पण मोठं मशीन आलं की सोसायटीत ठेवता येणार नाही, गाळा लागेल, मीटर बदलेल, भाडं चालू होईल, आणि मग नोकरी की धंदा हा प्रश्न आत्ताच डोक्यावर येईल. मुलगा चौथीत आहे, होमलोन चालू आहे, आम्हाला तो प्रश्न अजून दोन वर्षं नकोय. घरघंटीची मजा ही आहे की ती आहे त्या घरात, आहे त्या मीटरवर, आहे त्या नोकरीत बसते.

रेटिंग द्यायचंच तर: भाजणी, नागली, उपवासाची पिठं, महिन्याला पन्नास-साठ किलोपर्यंत ज्यांचं काम आहे आणि घरात नोकरीची माणसं आहेत त्यांच्यासाठी पाचपैकी चार. आवाजाचा एक कापला. वॉरंटीचा कापायला हवा होता पण तो मशीनचा दोष नाही. फक्त घरच्या गव्हासाठी घेणार असाल तर अडीच, गिरणी जवळ असेल तर नकाच घेऊ. महिन्याला शंभर किलोच्या वर जात असाल तर ही पुरणार नाही.

घ्यायला जाताना आपलं धान्य सोबत न्या. पाव किलो राजगिरा, पाव किलो हरभऱ्याची डाळ, पिशवीत, आणि तिथेच बारीक जाळीवर दळून दाखवायला सांगा, दुकानातल्या गव्हावर जाऊ नका, तो गहू कुठल्याही मशीनमध्ये छानच निघतो. पिठात हात घालून बघा किती गरम आलंय, जाळी स्वतः काढून परत बसवून बघा, आणि घरी जी रोज साफ करणार आहे तिला सोबत न्या. डेमो घरी येऊन देतो म्हणाला तर पुढच्या दुकानात जा.